थरथरणारा हात आणि बसलेला घसा

इन्हेलरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात दुष्परिणामांची यादी बारीक अक्षरांत छापलेली असते आणि त्या यादीत हाताची थरथर, छातीतील धडधड, घसा बसणे, तोंडातील पांढरे चट्टे, हाडांचा ठिसूळपणा, मोतीबिंदू हे सगळे सारख्याच वजनाचे दिसतात. दमा घेऊन वर्षानुवर्षे जगणाऱ्याला मात्र हळूहळू कळत जाते की यांतील प्रत्येक त्रास वेगळ्या ठिकाणाहून येतो, वेगळे काही सुचवतो आणि त्याचा बंदोबस्तही वेगळाच करावा लागतो. काही त्रास औषध भलत्याच जागी पडते आहे हे सांगतात, काही औषध हवे त्यापेक्षा जास्त वेळा लागते आहे हे सांगतात, तर काही केवळ औषध अंगात भिनल्याची पोच देतात. मी शिक्षिका आहे. बोलणे आणि फळ्यावर लिहिणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे इन्हेलरने मला नेमके हात आणि आवाज या दोनच ठिकाणी गाठावे, हा योगायोग मला बरीच वर्षे अन्यायाचा वाटत आला आहे.

हाताची थरथर ही रिलीव्हरची, म्हणजे दम लागल्यावर घ्यायच्या, बहुधा निळ्या रंगाच्या पंपाची देणगी. त्यातील साल्ब्युटामॉलचे दोन पफ घेतले की चार-पाच मिनिटांत छातीतील आवळण सैल होते, शिट्टीसारखा आवाज मंदावतो आणि जवळजवळ त्याच सुमारास बोटांच्या टोकांशी एक बारीक कंप सुरू होतो. हात टेबलावर टेकलेला असेल तर तो दिसतही नाही. हात पुढे सरळ पसरून त्यावर कागद ठेवला की कागदाची कड फडफडू लागते. हातात खडू असेल तर शिरोरेघ ओढताना तो फळ्यावर टकटकतो, 'क'च्या उभ्या दांडीला नागमोडी कड येते आणि अनुस्वार हवा तिथे न पडता थोडा बाजूला पडतो. पहिल्या बाकावरच्या मुलांना हे लगेच दिसते. बाई घाबरल्या आहेत किंवा रागावल्या आहेत, असा त्यांचा समज होतो आणि वर्ग एकाएकी शांत बसतो. हा एक फायदाच म्हणायचा.

हा कंप येतो कुठून, हे समजल्यावर त्याची भीती बरीच कमी होते. साल्ब्युटामॉल श्वासनलिकांभोवतीच्या स्नायूंवरील बीटा-२ नावाच्या ग्राहींना (औषध ज्यांना जाऊन चिकटते त्या पेशींवरील जागांना) चेतवते आणि ते स्नायू सैल पडतात. पण हेच ग्राही हातापायांच्या स्नायूंमध्येही असतात आणि फुप्फुसांतून रक्तात गेलेला औषधाचा अंश तिथे पोहोचला की स्नायूंचे आकुंचन नेहमीसारखे सलग न राहता किंचित तुटक होते. म्हणजे थरथर ही मेंदूची किंवा मज्जातंतूंची बिघडलेली अवस्था नव्हे. औषधाचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो, कंप मात्र त्याच्या बराच आधी ओसरतो. सूक्ष्म कामे तेवढ्या वेळापुरती पुढे ढकलणे, पफ एकापाठोपाठ एक न मारता मध्ये अर्धा-एक मिनिट जाऊ देणे, आणि त्याच वेळी कॅफीन असलेले पेय टाळणे एवढ्यावर माझे भागते. ज्यांना दोन पफनेही असह्य थरथर होते त्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण मात्रा किंवा औषध बदलता येते. पण हे सांगतानाच दिवसातून किती वेळा पंप लागतो, हेही सांगायला हवे. पुष्कळदा तक्रार हाताची असते आणि तिचे उत्तर मात्र फुप्फुसात असते.

छातीतील धडधडीचे प्रकरण याहून नाजूक आहे. औषधामुळे रक्तवाहिन्या थोड्या सैलावतात, हृदयावरील काही ग्राहीही चेतवले जातात आणि नाडी जलद चालू लागते. ज्याला नुकताच श्वास अपुरा पडला आहे, त्याला ही धडधड औषधाची की भीतीची की दम्याचीच, हे त्या क्षणी ओळखता येत नाही. झटका तीव्र असून साल्ब्युटामॉलची मोठी मात्रा द्यावी लागते तेव्हा आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडू शकते: रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढते, ते बाहेर टाकण्यासाठी श्वास जलद होतो आणि दमा वाढला असे वाटून औषध आणखी दिले जाते. तशाच मोठ्या मात्रेने रक्तातील पोटॅशियम पेशींच्या आत ओढले जाऊन त्याची पातळी उतरते, पायांत गोळे येऊ शकतात. (हाच दुष्परिणाम दुसऱ्या रुग्णाच्या कामी येतो. रक्तातील पोटॅशियम धोकादायक वाढलेले असेल तर ते उतरवण्यासाठी नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाची वाफेसारखी फवारणी करणाऱ्या यंत्रातून, साल्ब्युटामॉल देतात.) म्हणून रिलीव्हर वारंवार घेऊनही आराम पडत नसेल, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले असतील, तर घरी बसून धडधडीचे कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या वेळी रुग्णालय गाठायचे असते आणि वाटेत पंप घेत राहायचे असते.

माझ्या चिडचिडीला थोडे प्रमाणात आणले ते या औषधाच्या पूर्वजांच्या इतिहासाने. खिशात मावणारा, ठरावीक मात्रा फवारणारा पंप १९५६ मध्ये बाजारात आला. एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या किशोरवयीन, दमा असलेल्या मुलीने 'केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही' असा प्रश्न विचारला आणि त्यातून ही कल्पना पुढे आली, असे सांगतात. तेव्हाच्या पंपांत आयसोप्रिनलिन किंवा अॅड्रेनॅलिन असे. ही औषधे श्वासनलिका आणि हृदय असा भेद फारसा करत नसत. १९६० च्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा काही देशांत दम्याने मरण पावणाऱ्या तरुणांची संख्या अचानक वाढली आणि संशयाची सुई आयसोप्रिनलिनच्या अतितीव्र फवाऱ्याकडे वळली. औषधाने हृदयावर घाला घातला की फवाऱ्याच्या भरवशावर राहून लोक रुग्णालयात उशिरा पोहोचले, यावर तज्ज्ञांमध्ये दीर्घकाळ वाद झाला. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आले ते हृदयाला बऱ्याच अंशी वगळून श्वासनलिकांवर काम करणारे औषध म्हणून. तरीही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये मृत्यूंची दुसरी लाट आली. तिचा संबंध फेनोटेरॉल या दुसऱ्या रिलीव्हरशी असल्याचे संशोधन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याचा वापर आवरला गेला आणि मृत्यू घटले. हे वाचल्यापासून खडूची टकटक मला फार किरकोळ वाटते. रिलीव्हर जपून वापरावा ही सूचना कुणा डॉक्टरच्या कडक स्वभावातून आलेली नाही, तिच्यामागे माणसे गेलेली आहेत, हेही ध्यानात राहते.

आवाजाचे दुखणे मात्र मी इतक्या सहज सोडून देऊ शकत नाही. ते येते प्रिव्हेंटरमधून, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ दम नसतानाही घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपातून. पहिला तास नीट जातो. दुसऱ्या तासाला आवाजाच्या कडा खरखरीत होतात. तिसऱ्या तासाला वरच्या पट्टीत काही सांगायला जावे तर मधलाच एखादा स्वर गळून पडतो आणि त्या जागी नुसती हवा येते. सर्दी नसते, खोकला नसतो, घसा दुखतही नसतो. ऐकणारा 'थंड काही घेतलेत का' असे विचारतो आणि त्याला दरवेळी स्टेरॉइडची कहाणी सांगण्यापेक्षा मान हलवणे सोपे पडते.

पंपातून निघालेले औषध जाते कुठे, ते पाहिले की या त्रासाचा उगम दिसतो. साध्या फवाऱ्याच्या पंपातून सुटलेल्या औषधापैकी जेमतेम १० ते २० टक्के भाग फुप्फुसांत पोहोचतो, असे मोजमाप सांगते. उरलेला बहुतेक भाग तोंडात आणि घशात अडकतो. फुप्फुसांत खोल जाण्यासाठी थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असावे लागतात. त्याहून मोठे आणि वेगाने सुटलेले थेंब, घाटातल्या वळणावर भरधाव गाडी कठड्यावर आदळावी तसे, घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतात आणि तिथेच राहतात. जी मात्रा श्वासनलिकांची सूज उतरवण्यासाठी होती, तीच घशाच्या निरोगी आवरणावर रोज दोनदा लेपली जाते. यात औषधाचा दोष कमी आणि मार्गाचा जास्त आहे.

घसा बसण्यामागे बहुधा स्वरयंत्राच्या स्नायूंवर होणारा स्टेरॉइडचा स्थानिक परिणाम असतो. स्वरतंतू एकमेकांना नीट टेकत नाहीत, मध्ये फट राहते आणि तीतून हवा निसटते. औषधाची मात्रा घटवली किंवा औषध बदलले की हा परिणाम सहसा ओसरतो, एवढा दिलासा आहे. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला बराच काळ कुणी सांगितली नव्हती. पंपानंतर गुळण्या करा, हा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो अगदी योग्य आहे. पण गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही, पोहोचले तर ठसकाच लागेल. गुळण्या तोंडातील बुरशीपासून वाचवतात, आवाज वाचवण्याची त्यांची ताकद मर्यादित असते. दोन महिने इमानाने गुळण्या करूनही आवाज सुधारला नाही म्हणून 'आपल्याला हे औषधच मानवत नाही' अशा निष्कर्षाला येणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांनी योग्य उपाय चुकीच्या दुखण्यावर केलेला असतो. आवाजासाठी स्पेसर (पंपाला जोडायचे पोकळ नळकांडे), पंपाचा प्रकार, स्टेरॉइडची जात आणि मात्रा यांचा विचार करावा लागतो. सिक्लेसोनाइडसारखे एखादे औषध फुप्फुसांत पोहोचल्यावरच क्रियाशील रूप घेते, त्यामुळे ते घशाला कमी त्रास देते. ज्यांचे पोट आवाजावर आहे त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण आपण शिकवतो, गातो की दिवसभर फोनवर बोलतो, हे औषधाच्या चिठ्ठीवरून कळत नाही. आणि औषधात बदल करूनही आवाज काही आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. दमा असलेल्या माणसाच्या घशात दम्याव्यतिरिक्त काही होऊच शकत नाही, असा काही नियम नाही.

तोंडातील बुरशी ओळखणे सोपे असते. सकाळी जीभ जड आणि कापसासारखी वाटते, चव बोथट झालेली असते. आरशासमोर उभे राहून तोंडात बॅटरीचा झोत टाकला की टाळूच्या मागच्या भागावर आणि गालांच्या आतल्या बाजूस दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसतात. मऊ ब्रशने ते हलकेच खरवडले तर निघतात आणि खाली लालभडक, हुळहुळणारी त्वचा उरते. कॅन्डिडा नावाची ही बुरशी पुष्कळांच्या तोंडात एरवीही गुपचूप नांदत असते. स्टेरॉइडने तिथली स्थानिक प्रतिकारशक्ती थोडी नमली की ती डोके वर काढते. तोंडात लावायच्या क्लोट्रिमाझोल किंवा निस्टॅटिनसारख्या औषधाने ती बरी होते. तिच्यासाठी प्रिव्हेंटर बंद करायची गरज नसते. बुरशीच्या गोळ्या घ्यायच्या झाल्या तर मात्र आपला पंप कोणता आहे हे सांगायला विसरू नये. केटोकोनाझोल, इट्राकोनाझोल यांसारख्या गोळ्या यकृतात फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड या पंपातील स्टेरॉइडांचा निचरा रोखून धरतात आणि पंपातील अल्प मात्राही अंगात साठू शकते. माझ्यापुरता बंदोबस्त मी असा केला आहे की पंप दात घासण्याच्या आधी घ्यायचा. मग चूळ, गुळणी, दात घासणे हे सगळे ओघाने होते आणि विसरण्याला वाव राहत नाही. पाणी थुंकायचे, गिळायचे नाही. कवळी वापरणाऱ्यांनी ती काढून तीही धुवायची.

स्पेसर या साध्या प्लास्टिकच्या नळकांड्याबद्दल मला आदर आहे, जरी त्याच्याइतकी गैरसोयीची वस्तू पिशवीत दुसरी नसेल. फवारा थेट घशावर न आदळता आधी त्या पोकळीत पसरतो, त्याचा वेग मोडतो, मोठे थेंब आतल्या भिंतीला चिकटून राहतात आणि बारीक थेंब श्वासाबरोबर आत जातात. पंप दाबणे आणि श्वास ओढणे यांची अचूक सांगड घालावी लागत नाही, हा आणखी एक लाभ. एका वेळी एकच पफ सोडायचा, लगेच सावकाश ओढायचा, दहाएक सेकंद श्वास रोखायचा. नवा स्पेसर आणला की त्याच्या आतल्या भिंतीवर विजेचा सूक्ष्म भार असतो आणि तो औषध खेचून घेतो. त्यासाठी भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब घातलेल्या कोमट पाण्यात तो बुडवून काढायचा आणि न पुसता तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की घर्षणाने तो भार परत येतो. निथळलेल्या स्पेसरवर पाण्याच्या थेंबांचे फिकट डाग राहतात आणि पाहुण्यांना तो अस्वच्छ वाटतो, पण डागांसकट स्पेसर चकचकीत स्पेसरपेक्षा बरा काम देतो. महिन्यातून एकदा हे केले की पुरते.

स्पेसर फवाऱ्याच्या पंपालाच लागतो. कोरड्या भुकटीच्या इन्हेलरचे तंत्र त्याच्या अगदी उलट असते. फवारा संथ आणि खोल ओढायचा, भुकटी जोराने आणि एका दमात. भुकटीचा इन्हेलर हलक्या श्वासाने ओढला की भुकटी तोंडातच बसते, आणि फवारा जोरात ओढला की तो घशावर आपटतो. आपले रोजचे आणि अडीअडचणीचे औषध दोन वेगळ्या प्रकारच्या उपकरणांत असेल तर हात आणि श्वास दोन्ही गोंधळतात. शक्य असेल तिथे दोन्ही एकाच प्रकारचे मागून घेणे शहाणपणाचे. ७० ते ८० टक्क्यांपर्यंत रुग्णांना इन्हेलर बरोबर वापरता येत नाही, असे दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतच नमूद केलेले आहे. हा आकडा पाहिला की रुग्णांच्या निष्काळजीपणापेक्षा मला दोन मिनिटांत संपणाऱ्या तपासणीचाच राग येतो. पंप हातात देताना तो घेऊन दाखवायला सांगणे ही औषधयोजनेचीच पायरी आहे, ती सौजन्य म्हणून करायची गोष्ट नव्हे.

घरोघर खरी धास्ती असते ती स्टेरॉइडची. माझी आत्या आजही माझ्या हातात पंप दिसला की 'सवय लागेल गं त्याची' असे म्हणते, आणि तिच्या म्हणण्यात काळजी असते, अज्ञान म्हणून ते उडवून लावावे असे मला वाटत नाही. तिने एकेकाळी दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्या माणसांचे सुजलेले चेहरे पाहिलेले आहेत. तिला मी हिशेब मांडून दाखवते. बुडेसोनाइडचे २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा घेतले तर दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम होतात. झटका आला आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा, रोज ४० मिलिग्रॅम असा, पाच दिवसांचा कोर्स करावा लागला तर त्यात २०० मिलिग्रॅम स्टेरॉइड पोटात जाते. तेवढ्याच वजनाचे औषध पंपातून घ्यायला ५०० दिवस लागतील. ही दोन औषधे वेगळ्या ताकदीची आहेत, पंपातील स्टेरॉइड वजनाच्या मानाने पुष्कळ प्रभावी असते, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नव्हे. पण गोळी सर्वांगातून फिरून श्वासनलिकांपर्यंत येते आणि पंप थेट तिथेच जातो, हा फरक त्या आकड्यांतून समजायला मदत होते. रोजचा पंप टाळून वर्षातून दोन-तीनदा गोळ्यांचा कोर्स करणारा माणूस स्टेरॉइड टाळतो आहे असे समजतो आणि प्रत्यक्षात अधिक अपायकारक मार्गाने तेच घेत असतो.

याचा अर्थ पंपातील स्टेरॉइड निरुपद्रवी आहे असा मी काढणार नाही, कारण तो खरा नाही. उत्तर अमेरिकेत ५ ते १२ वर्षे वयाच्या मुलांना काही वर्षे दररोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड देऊन केलेल्या एका मोठ्या चाचणीत, ती मुले मोठी झाल्यावर त्यांची उंची औषध न मिळालेल्या गटापेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढी उंची आणि एक आटोक्यात असलेले बालपण यांतून निवड करायची तर बहुतेक पालक काय निवडतील हे उघड आहे, पण निवड आहे हे त्यांना सांगितले गेले पाहिजे. मोठ्यांमध्ये मोठी मात्रा दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता घटणे, त्वचा पातळ होऊन सहज काळेनिळे डाग पडणे, मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची शक्यता वाढते. शरीरातील स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ग्रंथीही मंदावू शकतात, म्हणून मोठ्या मात्रेवर असलेल्याने औषध एकदम तोडू नये. जास्त मात्रा चालू असेल तर डोळ्यांची तपासणी कधी करायची आणि हाडांची लागेल का, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. कमी आणि मध्यम मात्रेत हे धोके बरेच लहान असतात. त्यामुळे 'आटोक्यात ठेवणारी सर्वांत कमी मात्रा' हेच डॉक्टरांचे आणि आपले सामाईक ध्येय असते.

या साऱ्यात मला सर्वाधिक विचारात पाडणारी गोष्ट आहे ती दोन पंपांच्या स्वभावातील विषमता. रिलीव्हरचा फायदा पाच मिनिटांत जाणवतो आणि त्याचा खरा धोका दिसतच नाही. प्रिव्हेंटरचा त्रास रोज जाणवतो आणि त्याचा फायदा म्हणजे न आलेला झटका, जो कुणालाच दिसत नाही. मग माणूस आपल्या अनुभवाला प्रमाण मानून अगदी तर्कशुद्ध वाटणारा निर्णय घेतो: जो घसा बसवतो तो पंप कपाटात आणि जो श्वास मोकळा करतो तो खिशात. कुणाला न सांगता हा बदल होतो, डॉक्टरांच्या कागदावर दोन्ही चालूच असतात. कॅनडातील सस्कॅचवान प्रांताच्या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आधीच्या वर्षभरात वापरलेल्या स्टेरॉइड पंपाच्या प्रत्येक जादा डब्यामागे दम्याने मृत्यू होण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि औषध बंद केल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते औषध चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. घशाची खरखर नकोशी आहे खरी, पण ती कशाच्या मोबदल्यात घालवायची, याचा अंदाज या आकड्यांनी येतो.

दुसऱ्या बाजूला, रिलीव्हर एकटाच नियमितपणे घेत राहिले तर एक-दोन आठवड्यांतच श्वासनलिका अधिक चिडखोर होतात आणि औषधाचा गुणही उतरतो. विशेष म्हणजे रोज घेणाऱ्याच्या हाताची थरथरही कमी होते, कारण ग्राही सरावतात. 'आता मला मानवू लागले' असे वाटते तो काळ खरे तर सावध होण्याचा असतो. वर्षाला २०० मात्रांचे तीन किंवा त्याहून जास्त डबे लागत असतील तर झटक्याचा धोका वाढतो आणि बारा किंवा अधिक लागत असतील तर मृत्यूचा, हे आता सर्वमान्य आहे. म्हणूनच २०१९ मध्ये दम्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका काढणाऱ्या 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा'ने प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ रिलीव्हरवर ठेवू नये, अशी स्पष्ट शिफारस केली. त्याऐवजी फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉइड एकत्र असलेला पंप दम लागल्यावर वापरण्याची पद्धत पुढे आली. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करते आणि त्याचा परिणाम बारा तास राहतो, तर सोबतचे स्टेरॉइड प्रत्येक वेळी सुजेवर थोडे काम करून जाते. थरथर त्यानेही होते. पण दम लागल्यावर घेतलेल्या प्रत्येक पफबरोबर उपचारही पोटात, म्हणजे छातीत, जातो.

किरकोळ त्रासांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. भुकटीने खोकला येत असेल तर ओढण्याची पद्धत तपासावी. टायोट्रोपियम या श्वासनलिका सैल करणाऱ्या आणखी एका औषधाने तोंड कोरडे पडते, आणि त्याचा फवारा डोळ्यांत जाऊ द्यायचा नसतो, विशेषतः काचबिंदू असेल तर. काचबिंदूसाठीच दिल्या जाणाऱ्या टिमोलॉलच्या थेंबांनी दमा उसळू शकतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याची कल्पना असलेली बरी.

मी गेल्या काही महिन्यांपासून एका छोट्या वहीत त्रास लिहून ठेवते: काय झाले, कोणता पंप, किती वेळापूर्वी, त्या दिवशी किती बोलणे झाले. ती वही पाहून डॉक्टरांनी मला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, रात्री दम्याने जाग येते का. आणि दुसरी, रिलीव्हर आठवड्यातून किती वेळा लागतो. दोन्हींची उत्तरे समाधानकारक होती. तीन महिने दमा आटोक्यात असेल तर स्टेरॉइडची मात्रा २५ ते ५० टक्क्यांनी उतरवून पाहता येते आणि आवाजासाठी तो सर्वांत सरळ मार्ग असतो, हे त्यांनी समजावून सांगितले. "पण आत्ता नको," त्या म्हणाल्या, "तुमच्या छातीत सध्या सर्दी उतरलेली आहे. ती पूर्ण जाऊ द्या. प्रवास किंवा परीक्षांची धावपळ नसेल असा महिना तुम्हीच निवडा, आणि मात्रा उतरवल्यावर त्रास वाढला तर परत कशी चढवायची ते आज लिहून घेऊन जा." मी परीक्षांनंतरचा महिना निवडला आहे. तोवर स्पेसर, सकाळ-संध्याकाळच्या गुळण्या आणि तिसऱ्या तासाला वाचन मुलांकडून करून घेणे, असे चालू आहे. मुले मोठ्याने वाचतात, चुकतातही, आणि मला फक्त दुरुस्त करण्यापुरते बोलावे लागते.